शून्य म्हणजे सगळं ठीक

"तुमचं पोर मधेच गचकलं, आणि तुम्ही त्याला पास करून मोकळे!"

सासूबाई त्याच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या तेव्हा त्याचा चहा अर्धा व्हायचा होता. सासूबाई हे काही त्यांचं नाव नव्हे. हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात प्रत्येक प्रोग्राम तपासून त्यात खोट काढायची त्यांची नोकरी, आणि ती त्या इतकी मन लावून करत, की दुसरं नाव शोभलंच नसतं. त्यांनाही ते ठाऊक होतं आणि त्या ते मिरवत.

"कुठलं पोर?" त्याने हसत विचारलं.

छातीचे स्कॅन तपासणारा प्रोग्राम त्याचा होता. मुख्य प्रोग्राम दर स्कॅनमागे एक छोटा प्रोग्राम कामाला लावायचा. या छोट्यांना विभागात सगळे पोरंच म्हणत. पोराने स्कॅन बघायचा, डाग दिसला तर नोंदवायचा आणि जाताना एक आकडा सांगून जायचं. शून्य म्हणजे सगळं ठीक. शून्य आलं आणि डाग एकही नोंदलेला नसला, की रिपोर्टवर आपोआप 'दोष आढळला नाही' असं उमटायचं. त्यावर डॉक्टरांची सही व्हायची खरी, पण रांग एवढी, की अशा स्कॅनवर त्यांची नजर फारशी थांबत नसे.

"मुद्दाम मोठा स्कॅन दिला त्याला," सासूबाई म्हणाल्या. "मेमरी संपली. सिस्टिमने त्याला तिथल्या तिथे उडवलं. आणि तुमचा रिपोर्ट काय म्हणतो? दोष आढळला नाही."

"शक्यच नाही. मेलं असेल तर शून्य येईलच कसं? थांबा, दाखवतो."

त्याने ती ओळ उघडली, स्क्रीनवर बोट ठेवलं, आणि बोट तिथंच राहिलं.

पोर संपलं की मागे जो आकडा उरतो, त्याचे दोन भाग असतात. एका भागात ते स्वतः जाताना काय म्हणालं ते. दुसऱ्या भागात, त्याला बाहेरून कोणी मारलं असेल तर ते. त्याने ऐटीत लिहिलेली ओळ पहिला भाग तेवढा वाचत होती. ज्याला मधेच मारलं त्याला काही म्हणायला सवडच मिळत नाही, त्याच्या पहिल्या भागात शून्यच राहतं.

"बोंबला," तो म्हणाला.

"मग? उगाच येते का मी?"

दुरुस्ती एका ओळीची होती. त्याने ती केली, पुन्हा एकदा वाचली आणि पाठ टेकली. "नशीब आपलं, लवकर सापडलं. आपल्याकडे एवढे मोठे स्कॅन येतात कुठे म्हणा."

"येतात की. वरच्या मजल्यावरच्या नव्या मशीनचे. त्यातलाच एक घेतला मी."

त्याने टेकलेली पाठ सरळ केली.

ताईचा खोकला जात नव्हता म्हणून त्यानेच तिला इथे आणलं होतं. जुन्या मशीनला मोठी रांग होती. त्याने दोन ठिकाणी शब्द टाकला, ओळख काढली आणि तिला नव्या मशीनवर घातलं. भाऊ इथे नोकरीला असून बहिणीने रांगेत बसायचं म्हणजे काय? रिपोर्ट आला तेव्हा फोनही त्यानेच केला. "माझ्या प्रोग्रामने बघितलंय, ताई. आता खुशाल झोप." ती फोनवर रडली होती. त्यालाही त्या दिवशी स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

चहावर साय धरली होती. त्याने ताईचा स्कॅन शोधून काढला आणि दुरुस्त केलेल्या प्रोग्रामला पुन्हा तपासायला दिला. सासूबाई काही न विचारता मागे उभ्या राहिल्या. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग स्क्रीनवर उमटलं: 'तपासणी अपूर्ण. प्रोसेस बाहेरून बंद पाडली गेली.'

"म्हणजे हा स्कॅन कोणी बघितलेलाच नाही," सासूबाई हळूच म्हणाल्या.

"नाही."

"आत काही असेलच असंही नाही हो."

"नाही."

"कोणाचा आहे?"

"ताईचा."

सासूबाईंनी त्याचा गार चहा बाजूला सरकवला आणि फोन त्याच्यापुढे ठेवला. "तुम्ही ताईंशी बोला. नव्या मशीनचे बाकीचे सगळे मी काढते. डॉक्टरांनाही मीच सांगते, वर जाऊन. ताईंचा स्कॅन आधी बघायला लावते."

त्या गेल्या. त्याने फोन हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला. काय सांगायचं? काही निघालंय असं नाही. काही नाही असंही नाही. शेवटी त्याने नंबर लावला.

ताईने पहिल्याच रिंगला उचलला. "बोला, डॉक्टरसाहेब!" रिपोर्ट आल्यापासून ती त्याला असंच चिडवायची.

"ताई, खोकला कसा आहे गं तुझा?"

"आहे की. रात्री तर जरा जास्तच." ती हसली आणि हसता हसता तिला ढास लागली. तो फोन कानाला लावून ती थांबायची वाट बघत राहिला. बऱ्याच वेळाने तिने श्वास घेतला.

"पण आता मी त्याला भीक घालत नाही," ती म्हणाली. "दवाखान्याच्या खेपाही बंद केल्या. तूच बघितलंयस ना, आत काही नाही म्हणून."