गोल, चौकोनी, तिरका

१९९६ ची दिवाळी. अनीश अमेरिकेहून कराडला आला तो रंगाच्या गोळ्या उडवायची खेळातली बंदूक घेऊन. तिसऱ्याच दिवशी ती बिघडली आणि तो पीरमहंमद चाचांच्या लेथच्या दुकानात हजर झाला.

"चाचा, आतला हॅमर मागं जाऊन दातानं खटक्यात अडकतो. या हॅमरचा दात गोल आहे, तो निसटतो. या दुसऱ्या, जादा आणलेल्या हॅमरचा चौकोनी आहे, तो सुटतच नाही. आणि उद्या भावंडांशी मॅच आहे!"

चाचांनी दोन्ही दात नखानं चाचपले. "तुज्या अमेरिकेत कुणाला एक दात करता येत न्हाई व्हय रं? पुढनं उभा, मागनं तिरका पायजे. आन् लोखंड जुनं पायजे, मुरलेलं."

चाचा आत गेले, कुठनं तरी एक तुकडा घेऊन आले, कानशीनं घासला आणि गोल दात काढून तिथं जोडला. पहिलीच गोळी समोरच्या भिंतीवर लालभडक फुटली. चाचांची छाती फुगली.



संध्याकाळी दुकानाला कुलूप लागेना. कुलपाची जीभ बंदुकीत होती, म्हणून चाचांनी बंदूकच राखणीला बसवली, अनीशसकट.