पाठीवरचं फडकं

मास्तरांनी हॉर्नवर ठेवलेला हात उचललाच नाही. पुढे बारा बायका सायकली हाणत होत्या, रस्ता जणू त्यांच्याच मालकीचा. बसला उशीर होत होता आणि मागे प्रवाशांची कुरकुर सुरू झाली होती. डेपोत त्यांना हॉर्नमास्तर म्हणत, ते काही उगाच नव्हे.

बायका निघाल्या होत्या कॅन्सरच्या हॉस्पिटलला मदत गोळा करायला. प्रत्येकीच्या पाठीवर पांढरं फडकं टाचलेलं, आणि आपण कुणासाठी सायकल चालवतोय ते त्यावर लिहिलेलं. 'आईसाठी.' 'मैत्रिणीसाठी.' 'शाळेतल्या बाईंसाठी.' मास्तरांना ते वाचायचं नव्हतं, पण काचेसमोर दुसरं काही नव्हतंच. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या डाव्या गालाच्या आतली जखम तपासून डॉक्टरांनी हाच रोग सांगितला होता. लवकर ऑपरेशन केलं तर बरे व्हाल, असंही म्हणाले होते. मास्तरांनी रिपोर्टची घडी करून खिशात घातली आणि कुणाजवळ चकार शब्द काढला नाही. खरं सांगायचं तर ते घाबरले होते.

आणि घरी सांगणार तरी कुणाला? बायकोचंच लक्षण ठीक नव्हतं. दर रविवारी सकाळी 'बहिणीकडे जाते' म्हणून निघायची, आजही निघाली होती. मागच्या रविवारी मास्तरांनी मेहुणीला सहज म्हणून फोन केला, तर बायको महिनाभर तिकडे फिरकलीच नव्हती. पाणी कुठेतरी मुरत होतं. स्वयंपाकातलं तिखट गेलं होतं, भाजी नुसती गिचका. मन थाऱ्यावर नसलं की असंच होतं, मास्तर स्वतःशी म्हणत. वीस वर्षं रोज भांडणारी बाई आता भांडेनाशी झाली होती. नुसती बघत बसायची आणि त्यांनी वर पाहिलं की नजर फिरवायची. एकदा तर रिपोर्ट चुकून गणवेशाच्या खिशात राहिला. गणवेश धुऊन आला आणि कागद टोपीखाली जसाच्या तसा, घडीसकट. तिने उघडूनही पाहिला नाही, याचंच मास्तरांना जास्त लागलं.

शिवाय तिच्या उजव्या घोट्यावरचं काळं ग्रीस. तीस वर्षं गाड्यांत घालवलेल्या माणसाला ग्रीस कळतं. ज्याच्या मोटारसायकलवर ती मागे बसते त्याची चेन उघडी आहे, इथपर्यंत मास्तरांनी तपास लावला होता. आता फक्त माणूस सापडायचा होता.

शेजारून एक ट्रक सुसाट गेला. ड्रायव्हरने काहीतरी अचकट विचकट ओरडून शेवटच्या बाईवर पाण्याची बाटली फेकली. ती झोकांडली, पण पडली नाही. बरी अद्दल घडली, असं मास्तरांना वाटलं. त्यांनी बस तिच्या आणखी जवळ नेली आणि पुन्हा हॉर्न दाबला. हेल्मेट, गॉगल, नाकापर्यंत रुमाल. ती ना बाजूला झाली, ना तिने मागे पाहिलं. पाठीवरच्या फडक्याची एक पिन निसटली होती आणि ते एकसारखं फडफडत होतं.

सिग्नल लागला. सगळं थांबलं, फडकंही पाठीवर स्थिर झालं, आणि मास्तरांना ते वाचता आलं. 'नवऱ्यासाठी.'

कुणा नशीबवानाची बायको त्याच्यासाठी उन्हात शिव्या खात होती, आणि आपली कुणाच्या मागे बसून कुठे हिंडत होती कोण जाणे. त्यांना ते सोसवेना. गाल ठणकत होता, तरी त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"नवरा आजारी आणि तुम्ही रस्त्यावर भटकताय? घरी कुणी विचारणारं आहे की नाही?"

बाईने एक पाय जमिनीवर टेकवला. घोट्याला ग्रीसचा काळा पट्टा होता. तिने गॉगल काढला, रुमाल खाली ओढला आणि मागे वळली.

"विचारणारी मीच आहे," मास्तरांची बायको म्हणाली. "दोन महिने झाले, तुम्ही सांगायची वाट बघतेय."