दिवे लावल्यावर

काल वडिलांची जुनी गाडी लेकीच्या हातात बंद पडली, म्हणून आज मेकॅनिकने बॅटरीला मीटर जोडला. "ताई, इंजिन चालू ठेवून दिवे लावा." डॅशबोर्डवरचा बॅटरीचा काटा घसरला, मीटरवरचा आकडाही तेवढाच उतरला. "काटा बिचारा खरं बोलतोय. बॅटरी चार्ज करणारा डायनामोच कामचुकार निघाला." तिने शेजारच्या सीटवर बसलेल्या वडिलांकडे पाहिलं. "दिवे लावले की काटा पडतो," असं वडील महिनाभर सांगत होते. तिने मात्र भर दुपारी, दिवे न लावताच पाहिलं होतं. "काटा जागेवर आहे, बाबा, तुमचेच डोळे गेलेत," म्हणत किल्ली काढून घेतली होती. तेव्हापासून ते शेजारच्या सीटवर मुकाट बसत. "बाबा, तुमचंच बरोबर होतं. बघा ना." ते काट्याकडे क्षणभर बघत राहिले. "पडलेला दिसतोय," ते पुटपुटले, "पण तूच नीट बघ गं. मला काय, काहीही दिसतं."