अण्णांचं मत

"आजोबा, तुमचं मत सकाळीच झालंय," मतदान केंद्रातली बाई म्हणाली आणि माझं डोकंच फिरलं. आधीच अण्णांचा निळा स्वेटर शोधण्यात अर्धा दिवस गेला होता. शेवटी तो न सापडताच, गॅरेजमधून तसंच त्यांना घेऊन आलो होतो. आम्हा बापलेकांचे हात ग्रीसनं इतके काळे, की अण्णांच्या बोटाला शाई आहे की नाही तेच कुणाला कळेना.

"माझ्या बापाच्या नावावर भलताच कुणी मत देऊन जातो आणि तुम्ही काय झोपा काढत होता?" मी ओरडलो. बाहेरची रांग खवळली, लोक दार बडवायला लागले, पोलीस आत धावला. बाई रडकुंडीला आली. तरी मी हटलो नाही. निवडणूक अधिकाऱ्यांना बोलावून घेतलं आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "चोराला पकडा आणि ह्या बाईंना आधी घरी बसवा."

अधिकाऱ्यांनी दार लावून घेतलं आणि सकाळचं कॅमेऱ्यातलं चित्रण आमच्यापुढे लावलं. एक म्हातारा सावकाश आत आला, बोट पुढे केलं, बाईंना नमस्कार करून मत द्यायला गेला. मी पडद्याकडे बघितलं, मग अण्णांकडे. बाई माझ्याकडेच बघत होती आणि मला मान वर करवेना.

अण्णा मात्र ताडकन उठले.

"हाच तो! धरा त्याला! अरे, बघतोस काय नुसता, माझा स्वेटरपण ह्यानंच चोरलाय!"