झाकण

महिन्यापूर्वी घेतलेला जुना कॅमेरा त्याने दुकानदारापुढे ठेवला. "हा बदलून दुसरा द्या."

"अहो, असा शोधून मिळायचा नाही! तुम्हीच तर पसंत केलात, खटक्याच्या आवाजाने बाळ उठायला नको म्हणून."

"झाकण लावलं की काहीच दिसणार नाही, असा दाखवा."

दुकानदाराने कपाटातले तीन काढून त्याच्यापुढे ठेवले. त्याने प्रत्येकाच्या भिंगावर झाकण बसवलं आणि डोळा लावला. तिन्हींतून दाराशी उभी असलेली त्याची बायको स्वच्छ दिसली.

"या जातीत बघायची खिडकी भिंगापासून वेगळी असते," दुकानदार हसला. "झाकण राहिलं तरी आपल्याला सगळं दिसतं, फिल्मवर मात्र काही उतरत नाही. माझ्या मेव्हण्याने माझं अख्खं लग्न असंच घालवलं!"

बायको पुढे आली. तिने पर्समधून धुऊन आणलेला रोल काढला. "बघा ना दादा, यातून बाळाचा एखादा तरी फोटो निघेल का? अगदी पुसट असला तरी चालेल. दुसरा एकही नाही आमच्याकडे."

दुकानदाराने पट्टी उजेडात धरली. तिच्यातून आरपार पलीकडचा रस्ता दिसत होता. "कोरी आहे हो ताई. पण एवढं काय मनाला लावून घेताय? उद्या बाळाला घेऊन या, मी स्वतः काढून देतो."

तिने त्याच्या हातातून पट्टी घेऊन हळूच गुंडाळली, पर्समधल्या टोपड्यात ठेवली आणि फार घट्ट होणार नाहीत अशा बेताने टोपड्याचे बंद बांधले.