मास्तरांच्या सबबी

"आज काय दुखतंय, मास्तर?" लामदुआनने फाटकाच्या गजांतून विचारलं.

"गुडघा."

"काल कंबर होती."

"तीच उतरून गुडघ्यात आली," वीरोत मास्तर म्हणाले. फाटक त्यांनी उघडलं नाही. कधीच उघडत नसत. अगदी वरच्या टोकाला कडी, कडीला कुलूप, आणि किल्ली गळ्यात, बुद्धाच्या ताईताशेजारी. चोरांना एवढा घाबरणारा माणूस गल्लीत दुसरा नव्हता.

लामदुआनला त्यांची काळजी वाटे आणि रागही येई. तिचा नवरा असाच टीव्हीपुढच्या खुर्चीत बसून बसून गेला होता. तेव्हापासून ती गल्लीतल्या एकेकाला उठवून तळ्याकाठच्या बागेत नेई आणि रोज संध्याकाळी कर्ण्यावर गाणी लावून हातपाय हलवायला लावी. तिच्यापुढे भल्याभल्यांच्या सबबी टिकल्या नव्हत्या. मास्तर तेवढे उरले होते. त्यांची साखर वाढलेली, पाय सुजलेले. तपासणीला आलेल्या नर्सने तिच्यादेखत बजावलं होतं, असंच बसून राहिलात तर फार दिवस काढणार नाही. तरी हा माणूस बाहेर पडायचा तो फक्त सकाळी, कोपऱ्यावरच्या खाण्याच्या गाडीपर्यंत, तोही जवळजवळ धावत. रश्शाच्या दोन पिशव्या घ्यायच्या, भाताच्या दोन पुड्या घ्यायच्या आणि परत.

"बायको उत्तरेला बहिणीकडे, आणि हे दोघांचं एकटेच चापतात," ती गाडीवालीला म्हणाली होती. "मग साखर वाढेल नाहीतर काय!"

मास्तरांची बायको अम्फाय जाताना लामदुआनला भेटलीसुद्धा नव्हती. त्याआधी एकदा बाजारात समोर आली, तर "आपण कोण?" असं दोनदा विचारलंन्. एवढ्या वर्षांचा शेजार, आणि आपण कोण! लामदुआनला ते फार लागलं होतं. मास्तर मानी होते हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांची बायको शिष्टही निघाली, असं तिने ठरवून टाकलं.

"गुडघेदुखीवाल्यांची वेगळी रांग आहे," ती आता म्हणाली. "खुर्चीवर बसून करायचं. चला."

"बूट नाहीत."

दुसऱ्या दिवशी तिने नवऱ्याचे बूट आणले. गजांतून आत सरकवले. मास्तरांना ते नेमके बसले, आणि तिला क्षणभर रडू आलं.

"बायकांच्यात नाचू की काय या वयात?"

"शेवटच्या रांगेत उभे राहा. तिथे सगळ्यांचेच पाय चुकतात."

"वेळ नाही हो, ताई."

"निवृत्त माणसाला वेळ नाही? पंतप्रधान झालात का?"

मास्तर हसले, पण मान वळवून घराकडे बघत हसले. आत टीव्ही मोठ्याने चालू होता. पायरीवर त्यांच्या चपलांशेजारी अम्फायच्या जांभळ्या चपला धुऊन उभ्या करून ठेवलेल्या होत्या. नव्या घेऊन गेली असेल, लामदुआनच्या मनात आलं. थाट काय कमी होता!

त्या आठवड्यात वाऱ्याने फांदी पडून फाटक वाकलं. लामदुआन आली तेव्हा मास्तर सुतळीने ते बांधत होते.

"कडी तुटली, ताई. लोहार उद्या येणार. आज नाही जमायचं."

तिचा पारा चढला. "नाचता येईना, अंगण वाकडं! तुमचा तो जुना टीव्ही कोण पळवणार आहे? ओढून घ्या आणि चला." मग आवाज उतरला. "मास्तर, माझा माणूस गेला ना, तेव्हा मी मागे राहिले. तुम्ही असेच गेलात तर मागे राहणाऱ्याचं काय होतं, ते मला विचारा."

 मास्तरांनी हातातली सुतळी गजाला अडकवली. मग आत गेले, बूट घालून आले आणि दार अगदी हलकेच ओढून घेतलं.

"दोनच गाणी. लगेच परत येईन." चार पावलांवर थबकले. "चष्मा राहिला."

"हात वर करायला चष्मा लागत नाही," म्हणत लामदुआनने त्यांना दंडाला धरून नेलं. तिला जिंकल्याचा आनंद झाला होता.

सहा वाजले. कर्ण्यावर राष्ट्रगीत सुरू झालं आणि रोजच्यासारखी सगळी बाग जागच्या जागी थांबली. धावणारे थांबले, दोरीवरच्या उड्या थांबल्या, गाड्यावरची मांस भाजणारी बाईही चिमटा खाली करून उभी राहिली. मास्तर ताठ उभे होते. राष्ट्रगीतात हललेल्या पोरांना त्यांनी जन्मभर छड्या मारल्या होत्या.

एवढ्या माणसांत एकच बाई चालत होती. पलीकडच्या काठाने, मोकळ्या केसांनी, इकडेतिकडे बघत.

"कोण चाललंय ते?" मास्तरांनी ओठ न हलवता विचारलं.

"असेल कुणी बेशिस्त. पुढे बघा."

मास्तरांनी पुन्हा झेंड्याकडे पाहिलं.

राष्ट्रगीत संपलं तेव्हा काठावर कुणी नव्हतं. लामदुआनने गाणं लावलं, आवाज वाढवला. मास्तरांचे पाय चुकले, बायका हसल्या, मास्तरही हसले. किती दिवसांनी हसतोय हा माणूस, तिला वाटलं. दुसरं गाणं संपताच ते घाम पुसत म्हणाले, "निघतो आता."

"आणखी एकच. घराला काय पाय फुटणार आहेत?"

तिसरं गाणं अर्ध्यावर होतं, तेव्हा पलीकडे ओरडा झाला. दोघा पोरांनी पाण्यात उड्या टाकल्या. लामदुआन धावत पोचली तोवर त्यांनी त्या मोकळ्या केसांच्या बाईला गवतावर आणून ठेवलं होतं, आणि आता कुणी घाई करत नव्हतं. पाण्याच्या कडेला जांभळ्या चपला शेजारी शेजारी नीट काढून ठेवल्या होत्या.

मास्तर धापा टाकत आले आणि लोकांना बाजूला सारून गुडघ्यांवर बसले.

"मास्तर," लामदुआन वाकून म्हणाली. "अम्फाय... अम्फाय बहिणीकडून परत कधी आली?"

मास्तर तिचे ओले केस कपाळावरून मागे सारत होते.

"गेलीच कुठे होती, ताई?" ते म्हणाले. "मी घरात होतो ना."