मांडीवरची टाकी

सालवडच्या भाड्याच्या खोलीपुढे बळवंत भरदुपारी फटफटी खोलून बसला होता. टाकीखालची वायर तुटली होती, आणि चारच्या पाळीला त्याला तारापूरच्या बांधकामावर पोचायचं होतं. पेट्रोल डब्यात काढून, नळी सोडवून त्याने रिकामी टाकी उचलली आणि दारात बसलेल्या बायकोच्या मांडीवर दिली.

"खाली ठेवू नको, मंदे. रेती जाईल आत."

"द्या. एक पोर पाळण्यात हाय, एक मांडीवर."

पाळण्याची दोरी मंदाने पायाच्या अंगठ्याला अडकवली होती. बाळ चार दिवस तापाने रडत होतं, आणि तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

हळूहळू रडणं ओसरलं. तेव्हाच टाकी जड वाटू लागली. झोपताना पोर अंग सैल सोडत मांडीवर जड होत जातं, अगदी तशीच. पत्र्याला ऊबही आली. मंदा नकळत तिला थोपटू लागली.

बळवंतने टाकी घेतली आणि ओझ्याने वाकला. "पेट्रोल काढलं होतं ना गो आपण?"

"हळू घ्या अवो," तिच्या तोंडून निघून गेलं. "आत्ताच झोपलंय."

"जागून जागून येडी झालीस!"

बोल्ट कसून, पेट्रोल ओतून त्याने किक मारली. फटफटी रस्त्याला लागून दिसेनाशी झाली.

मंदा पाळण्याशी आली. बाळ शांत श्वास घेत होतं. ताप उतरून अंग गार पडलं होतं. तिने त्याला उचललं, आणि तिचे हात एकदम वर गेले, भरलेला समजून रिकामा डबा उचलावा तसे.